लॅपटॉपवर उघडतं मग मोबाईलवर का नाही? मी कुठल्या क्रमाने बघते ते

"अगं लॅपटॉपवर नीट दिसतंय गं, मोबाईलवरच काहीतरी झालंय."

एखाद्या वेबसाइटबद्दल हे वाक्य आलं की पाठोपाठ फोन हातात येतो, आणि तोपर्यंत माणसाने बहुतेक वेळा आधीच काहीतरी उद्योग करून ठेवलेला असतो. सगळी हिस्टरी उडवलेली असते, नाहीतर ब्राउझर काढून परत टाकलेला असतो, एकाने तर अख्खा फोन रीसेट मारला होता आणि साइट तरीही उघडत नव्हती, कारण भानगड त्याच्या वायफायमधे होती. फोटो गेले ते गेलेच.

म्हणून हा क्रम एकदाचा लिहून ठेवतेय. जे सोपं, फुकट आणि परत होतं तसं करता येण्यासारखं आहे ते आधी, ज्यात काही पुसलं जातं ते अगदी शेवटी. जिथे सुटेल तिथे थांबायचं, पुढचं उगाच करत बसायचं नाही.

लक्षणं

यातलं तुमचं कुठलं ते आधी बघा, कारण "चालत नाही" म्हणजे दहा वेगवेगळ्या गोष्टी असतात:

- पान उघडतं पण अक्षरं मुंगीएवढी, आडवं सरकवत सरकवत वाचावं लागतं
- मेनू दिसतो पण उघडत नाही, किंवा बटण दाबलं की ढिम्म
- लॉगिन केलं की फिरून परत लॉगिनचंच पान
- फॉर्म अर्धा भरून ओटीपी बघायला मेसेजमधे गेलात, परत आलात तर फॉर्म कोरा
- टाइप करताय पण अक्षरं दिसतच नाहीत
- "कनेक्शन खाजगी नाही" असा लाल इशारा
- कॅमेरा किंवा लोकेशन चालू होत नाही, फोटो अपलोड होत नाही
- घरच्या वायफायवर येतं, डेटावर येत नाही (किंवा उलटं)
- नुसतं पांढरं पान

आधी दोषी कोण ते ठरवा

संशयित तीनच आहेत. पान स्वतः, फोन (त्यात ब्राउझर आला), किंवा नेट. लोक सरळ फोनवर आळ घेतात कारण तो हातात असतो. पण पाच मिनिटात तिघांना वेगळं करता येतं आणि ते केलं की अर्धं काम झालं म्हणून समजा.

पहिली गोष्ट, फोनचं वायफाय बंद करून डेटावर बघा, डेटावर असाल तर वायफायवर. फरक पडला तर फोन निर्दोष. मग याच्याही पुढे जाऊन एक करा जे कोणी करत नाही, फोनचा हॉटस्पॉट लावा आणि लॅपटॉप त्यावर जोडून तीच साइट उघडा. आता लॅपटॉप आणि फोन दोघं एकाच नेटवर आहेत. लॅपटॉपवरही अडली तर नेटचा दोष, लॅपटॉपवर आली आणि फोनवर नाही तर फोनचा किंवा पानाचा. एवढंच की फोनमधे व्हीपीएन (तुमचं नेट दुसऱ्याच सर्व्हरमधून फिरवून आणणारी सोय) चालू असेल तर तो आधी बंद करा, कारण फोनवरचा व्हीपीएन हॉटस्पॉटवर जोडलेल्या लॅपटॉपला बहुतेक वेळा लागू होत नाही आणि मग तुम्ही दोन वेगळ्या गोष्टींची तुलना करत बसता. हे मला एकदा पाऊण तास घालवल्यावर कळलं.

दुसरी, इनकॉग्निटो टॅबमधे (आयफोनवर प्रायव्हेट) तीच साइट उघडा. तिथे जुन्या कुकीज, म्हणजे तुम्हाला ओळखायला साइटने ब्राउझरमधे ठेवलेल्या छोट्या नोंदी, नसतात. तिथे चाललं तर दोष साठलेल्या कचऱ्यात आहे, आणि तुम्हाला फोन रीसेट करायची अजिबात गरज नाही.

तिसरी, लॅपटॉपवर ब्राउझरची खिडकी कडेने धरून आत ढकला, होता होईल तेवढी अरुंद. बऱ्याच साइट्स फक्त रुंदी बघून मांडणी बदलतात, त्यामुळे खिडकी अरुंद केली की लॅपटॉपवरही तुम्हाला जवळपास मोबाईलची मांडणी दिसते. तिथेही बटण गायब झालं का? मग तुमचा फोन ठणठणीत आहे, ज्यांनी साइट बनवली त्यांनी अरुंद पडद्यावर तपासलीच नाही. अशा वेळी फोन आडवा धरून बघा, रुंदी वाढते आणि कधीकधी हरवलेलं बटण परत येतं. हसू नका, यावर मी कितीतरी फॉर्म सबमिट केलेत.

आता ओळीने.

१. "डेस्कटॉप साइट"ची टिक

मुंगीएवढी अक्षरं असतील तर सगळ्यात आधी हे. क्रोममधे वरचे तीन ठिपके, त्यात "डेस्कटॉप साइट"समोर टिक आहे का. असेल तर काढा. पुष्कळदा एवढंच असतं. कुणीतरी कधीतरी एखादं काम होत नव्हतं म्हणून ती टिक लावलेली असते आणि विसरलेली असते. टिक काढूनही प्रत्येक नव्या साइटवर परत येत असेल तर ती सेटिंग्जमधूनच सगळ्या साइट्ससाठी चालू झालेली आहे, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, डेस्कटॉप साइट, तिथे बंद करा. आयफोनच्या सफारीत हे ॲड्रेस बारच्या कडेच्या चिन्हावर दाबून जो मेनू येतो त्यात असतं.

हे का महत्त्वाचं ते सांगते, कारण हे कळलं की बाकी अर्ध्या गोष्टी आपोआप कळतात. ब्राउझर दर वेळी साइटला स्वतःची ओळख सांगतो, मी अमुक ब्राउझर, अमुक सिस्टिमवर चालतोय, त्या ओळीला यूजर एजंट म्हणतात. टिक लावली की फोन चक्क थाप मारतो की मी कॉम्प्युटर आहे. साइट बिचारी विश्वास ठेवते आणि मोठं पान पाठवते. ते पान फोन ९८० पिक्सेल रुंद आहे असं धरून मांडतो आणि मग सगळं आकसून तुमच्या पडद्यात कोंबतो. आणि फोनची पानाच्या हिशोबातली रुंदी किती, तर साधारण ३६० ते ४३० पिक्सेल. म्हणजे अक्षर निम्म्याहून लहान होणारच.

हा ९८० चा आकडा आयफोनच्या सुरुवातीपासूनचा आहे. २००७ मधे पहिला आयफोन आला तेव्हा मोबाईलसाठी बनवलेल्या साइट्स फारशा नव्हत्याच, सगळं मोठ्या पडद्यासाठी, म्हणून ॲपलने ठरवलं की पान मोठं आहे असंच धरायचं आणि माणूस झूम करून वाचेल. ज्या साइटला ते नको असेल तिने पानात व्ह्यूपोर्टची एक ओळ लिहून सांगायचं की बाबा फोनची जी खरी रुंदी आहे तीच धर. पुढे २०१० मधे इथन मार्कॉट या वेब डिझायनरने "रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन" हा शब्द आणला, एकच पान आणि पडदा असेल तशी मांडणी. आज बहुतेक साइट्स तशाच असतात. पण एखाद्या जुन्या साइटच्या पानात ती व्ह्यूपोर्टची ओळ नसतेच, मग तुमच्या फोनवर टिक असो वा नसो अक्षरं बारीकच येणार. तिथे सफारीत वाचण्यासाठी रीडर मोड (पानातला नुसता मजकूर मोठ्या अक्षरात दाखवणारी सोय) वापरा नाहीतर सरळ लॅपटॉप गाठा, फोनशी भांडून उपयोग नाही.

उलटी गंमत आयपॅडवर होते. २०१९ च्या आयपॅडओएस १३ पासून सफारी बहुतेक ठिकाणी स्वतःहूनच कॉम्प्युटरवाली साइट मागते. त्यामुळे "आयपॅडवर बटणं बारीक का" असं कोणी विचारलं तर तिथे तुम्हाला मोबाईल साइट मागावी लागते.

आणि हो, कधीकधी टिक मुद्दाम लावायचीही असते. मोबाईलच्या पानावर एखादी सोय दिलेलीच नसेल (मोठे तक्ते, प्रिंटचं बटण वगैरे) तर लावा, काम उरका, आणि काढा. काढा हं.

२. लिंक नक्की कशात उघडलीय?

हा माझा लाडका मुद्दा कारण इथे कोणाचं लक्षच जात नाही. सोशल मीडियाच्या ॲपमधे लिंक दाबली की ती पुष्कळदा तुमच्या नेहमीच्या ब्राउझरमधे उघडतच नाही, त्या ॲपच्या पोटातल्या छोट्या ब्राउझरमधे उघडते. दिसायला सगळं तसंच. पण तिथे तुमचं लॉगिन नसतं, सेव्ह केलेले पासवर्ड बहुतेक येत नाहीत, फाइल डाउनलोड होईलच असं नाही, पेमेंटची नवी खिडकी उघडायची म्हटली की अडतं. आणि चुकून बॅक दाबलं की सगळं गुल.

वर कोपऱ्यात ठिपके किंवा बाण असतो, त्यात "ब्राउझरमधे उघडा" असं काहीतरी सापडेल. ते दाबा. नाहीतर लिंक कॉपी करून स्वतः ब्राउझरमधे पेस्ट करा. "लॉगिन करूनही परत लॉगिन" या तक्रारीत मी सगळ्यात आधी हेच विचारते, लिंक कुठून दाबलीस?

३. तारीख, वेळ, अपडेट

लाल इशारा येत असेल तर आधी फोनची तारीख बघा. फोन पूर्ण बंद पडून परत चालू झाला की कधीकधी घड्याळ भलत्याच दिवशी जातं. साइटच्या सुरक्षेचं सर्टिफिकेट अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंतच चालतं, तुमच्या फोनला वाटतंय आज तीन वर्षांपूर्वीचा दिवस आहे, तर त्याच्या दृष्टीने ते सर्टिफिकेट अजून जन्मलंच नाही. तारीख आपोआप घेण्यावर टाका, झालं.

तारीख बरोबर आहे आणि फोन खूप जुना आहे? मग ते दुखणं वेगळं. लेट्स एन्क्रिप्ट ही साइट्सना फुकट सर्टिफिकेट देणारी संस्था, तिची सर्टिफिकेटं इंटरनेटवर प्रचंड वापरली जातात, आणि ज्याच्या भरवशावर फोन ती खरी मानतो ते तिचं मूळ सर्टिफिकेट अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या फोनांमधे नाहीच. काही वर्षं दुसऱ्या एका जुन्या मूळाच्या आधारावर गाडी चालू ठेवली होती, तो आधार २०२४ मधे संपला. क्रोमचंही तसंच, अँड्रॉइड ७ वर ११९ ही शेवटची आवृत्ती, अँड्रॉइड ८ आणि ९ वर १३८. त्याच्यापुढे अपडेट येत नाही. म्हणजे काय, तर जुन्या फोनवरचा ब्राउझर तिथेच गोठलाय आणि साइट्स पुढे चालल्यात. लॅपटॉप तुमचा त्याच वयाचा असला तरी त्यावर ब्राउझर बराच काळ अपडेट होत राहतो, म्हणून तिथे चालतं आणि इथे पांढरं पान.

फोन नवा असेल तर ॲप स्टोअरमधे जाऊन ब्राउझर अपडेट करा. अँड्रॉइडवर "अँड्रॉइड सिस्टम वेबव्ह्यू" म्हणून अजून एक गोष्ट असते, तीही करा, कारण वर सांगितलेले ॲपच्या पोटातले ब्राउझर बहुतेक तिच्यावर चालतात. २०२१ च्या मार्चमधे या वेबव्ह्यूचं अपडेट बिघडलं होतं तेव्हा जगभर लोकांची ॲप धडाधड बंद पडत होती आणि लोक त्या त्या ॲपला शिव्या देत होते.

४. फॉर्म कोरा होतो ते

आमच्या शेजारच्या काकू एका ऑनलाइन अर्जावर तीन संध्याकाळी घालवून माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "मी सगळं भरते, ओटीपी येतो, मी बघायला जाते, परत येते तर ते मला ओळखतच नाही." मी म्हटलं माझ्यासमोर करा. त्यांनी चष्मा लावून सगळं हळूहळू भरलं, ओटीपी मागवला, होमचं बटण दाबलं, मेसेज उघडला, तिथे आलेला दुसरा एक मेसेज वाचला, सहा आकडे कागदावर लिहून घेतले, परत ब्राउझरवर आल्या, आणि माझ्या डोळ्यांसमोर पान एकदा पांढरं झालं, वरची रेघ सरकली आणि कोरा फॉर्म. काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच केलं.

चूक काकूंची नाही आणि साइटचीही पूर्ण नाही. लॅपटॉपवर तुम्ही दुसऱ्या खिडकीत गेलात तरी पहिली खिडकी बहुतेक वेळा जिवंत असते, भरलेलं तसंच राहतं. फोनची मेमरी कमी, त्यामुळे तुम्ही ब्राउझर सोडून बाहेर गेलात आणि फोनला जागा लागली की तो मागच्या पानाला मारून टाकतो. परत आलात की पान साइटकडून नव्याने मागवतो, पण त्यात तुम्ही टाइप केलेलं नसतं. बॅटरी सेव्हर चालू असेल तर हे अजून लवकर होऊ शकतं, आणि मागे पस्तीस टॅब उघडे असतील (काकूंचे होते, मी मोजले नाहीत पण चौकटीत आकडा दिसतो) तर विचारायलाच नको.

उपाय सगळे फुकट आहेत. उघडे टॅब बंद करा, मागची ॲप बंद करा, तेवढ्यापुरता बॅटरी सेव्हर काढा. ओटीपीसाठी बाहेर जायचंच नाही, वरून नोटिफिकेशनचा पडदा बोटाने खाली ओढा, तिथेच आकडे वाचा, पडदा वर ढकला. पान हलत नाही. आयफोनवर बऱ्याचदा कीबोर्डच्या वरच तो आकडा सुचवला जातो, त्यावर दाबलं की झालं. अँड्रॉइडवर ७ पासून पडदा दोन भागात करता येतो, वर ब्राउझर खाली मेसेज, पण काकूंना ते शिकवायला गेले तर त्या म्हणाल्या पडदा ओढायचं बरं आहे. लांब मजकूर लिहायचा असेल तर तो आधी नोट्समधे लिहा आणि तिथून पेस्ट करा.

५. दिसत नाही, मावत नाही

टाइप केलेलं दिसत नसेल तर डार्क मोड बंद करून बघा. काही ब्राउझर साइटला न विचारताच पान काळं करतात, मग काळ्या चौकटीत काळी अक्षरं. क्यूआर कोड स्कॅन होत नसेल तेव्हाही हेच बघा, उलटे रंग झाले की काही स्कॅनर वाचत नाहीत.

बटणं एकमेकांवर चढली असतील तर फोनच्या सेटिंग्जमधे फॉन्ट साइज आणि डिस्प्ले साइज दोन्ही बघा. डिस्प्ले साइज वाढवलं की पानाला वाटतं पडदा अजूनच अरुंद आहे, आणि ज्या साइटने एवढ्या अरुंदचा विचारच केला नाही तिथे सगळं विस्कटतं. ज्यांना मोठ्या अक्षरांची खरंच गरज आहे त्यांचं कायमचं बदलू नका, त्या कामापुरतं करा आणि परत होतं तसं ठेवा.

मेनू उघडतच नाही, त्याचं कारण पुष्कळदा माऊस. लॅपटॉपवर नुसता बाण वर नेला की मेनू खाली येतो, बोटाला तसं "वर नेणं" जमत नाही, बोट एकतर टेकतं नाहीतर टेकत नाही. अशा साइटवर मेनूच्या नावाऐवजी बाजूच्या छोट्या त्रिकोणावर दाबून बघा.

आणि आयफोनवर चौकटीत टाइप करायला गेलं की पान आपोआप मोठं होतं ना, तो बिघाड नाही. चौकटीतली अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान असली की सफारी स्वतः झूम करते. दोन बोटांनी परत लहान करा आणि पुढे चला.

६. मधे कोण बसलंय

आता जरा सेटिंग्जमधे खोल. पॉपअप बंद केलेले असतील तर पेमेंटची किंवा पावतीची खिडकी उघडत नाही आणि वाटतं बटण मेलंय. त्या साइटपुरते पॉपअप चालू करा, सगळ्यांसाठी नको.

जाहिराती अडवणारं काही टाकलंय का? व्हीपीएन? अँड्रॉइड ९ पासून "प्रायव्हेट डीएनएस" म्हणून एक सेटिंग असतं (साइटच्या नावावरून तिचा पत्ता कोणाला विचारायचा ते ठरवणारं), जाहिराती घालवायला म्हणून भाचा किंवा पुतण्या तिथे काहीतरी लिहून जातो आणि मग सहा महिन्यांनी एखादी साइट अर्धीच येते. ते ऑटोमॅटिकवर टाकून बघा. चालली तर कारण सापडलं.

डेटा वाचवणारे ब्राउझरही यात येतात. ऑपेरा मिनी जास्तीत जास्त बचतीच्या मोडमधे पान आधी स्वतःच्या सर्व्हरवर उघडतो, दाबून लहान करतो आणि मग तुम्हाला पाठवतो. बातम्या वाचायला छान, पण जिथे दाबलं की लगेच पानात काहीतरी घडायला हवं तिथे गडबड होते. अर्ज भरायला, पैसे भरायला असा ब्राउझर वापरू नका.

७. कुकीज, पण त्या एकाच साइटच्या

इनकॉग्निटोमधे चाललं होतं का? मग आता कचरा काढा. पण सगळा नाही! क्रोममधे ॲड्रेस बारच्या डावीकडच्या चिन्हावर दाबा, तिथून कुकीज आणि साइट डेटामधे जाऊन फक्त त्या साइटचं पुसा. बाकीच्या साइट्सची लॉगिन शाबूत राहतात.

आयफोनवर अजून एक. सफारी २०२० पासून तिसऱ्याच साइटच्या कुकीज मुळात अडवते. म्हणजे तुम्ही एका साइटवर आहात आणि तिच्या पोटात दुसऱ्या साइटची लॉगिनची किंवा पेमेंटची चौकट आहे, तर त्या चौकटीला तुम्ही कोण हे लक्षातच राहत नाही, आणि लॉगिन गोल गोल फिरतं. लॅपटॉपवर दुसरा ब्राउझर असतो म्हणून तिथे चालतं. सेटिंग्जमधे सफारीखाली "प्रिव्हेंट क्रॉस साइट ट्रॅकिंग" तात्पुरतं बंद करून काम करा आणि परत लावा, ते तुमच्या भल्यासाठीच आहे.

८. दोन कुलपं

कॅमेरा, माईक, लोकेशन यांना फोनवर दोन कुलपं असतात. एक फोनचं, की या ब्राउझरला कॅमेरा द्यायचा का. दुसरं ब्राउझरचं, की या साइटला द्यायचा का. लोक एक उघडतात आणि दुसरं विसरतात. पहिल्यांदा विचारलं तेव्हा घाईत "नको" दाबलं असेल तर साइट परत विचारत बसत नाही, नुसती गप्प राहते. दोन्ही ठिकाणी जाऊन बघा. लोकेशन असेल तर फोनचं लोकेशनच बंद आहे का तेही, म्हणजे तिसरं कुलूप म्हणा हवं तर.

९. दुसरा ब्राउझर

अँड्रॉइडवर हे करून बघण्यासारखं आहे, क्रोमवर नाही तर फायरफॉक्सवर, दोघांची इंजिनं, म्हणजे पान मांडणारा आतला भाग, वेगळी. आयफोनवर मात्र फार आशा ठेवू नका. तिथे वर नाव काहीही असलं तरी आत ॲपलचं वेबकिटच असतं, युरोपियन युनियनसारख्या काही ठिकाणी २०२४ पासून दुसऱ्या इंजिनाला परवानगी मिळू लागली तेवढीच. त्यामुळे सफारीत पान मांडतानाच मोडत असेल तर आयफोनवरच्या क्रोममधेही मोडण्याची शक्यता जास्त. सेटिंग्ज आणि कुकीज वेगळ्या असल्याने कधीकधी चालून जातं, पण ते इंजिनामुळे नाही.

१०. आता पुसापुशी

स्टोरेज भरलंय का बघा, फोन गच्च भरला की पान काही साठवू शकत नाही आणि डाउनलोड तर होतच नाही. मग ब्राउझरचा कॅशे (पानं लवकर उघडावीत म्हणून साठवलेल्या प्रती) पुसा. त्याने नाही झालं तर ब्राउझरचा सगळा डेटा, पण त्याआधी पासवर्ड सिंक झालेत का हे डोळ्यांनी बघा, कोणी सांगितलं म्हणून धरून चालू नका. दोष नेटचा ठरला असेल तर नेटवर्क सेटिंग्ज रीसेट, यात सेव्ह केलेली वायफायं जातात, आणि ब्लूटूथला जोडलेल्या वस्तू किंवा व्हीपीएनची सेटिंग्जही जाऊ शकतात. फोन फॅक्टरी रीसेट या यादीत नाही. वरचं सगळं केल्यावर केवळ एका साइटसाठी मी तो आजवर कोणाला करायला सांगितला नाही.

कुठे थांबायचं

तारीख बरोबर आहे, फोन नवा आहे, दुसऱ्या नेटवरही लाल इशारा येतोय आणि साइट पैशांची आहे, तर थांबा. "तरीही पुढे जा" दाबायचं नाही. ज्यांची साइट आहे त्यांना फोन करा, आणि नंबर त्या पानावरून घेऊ नका.

पैसे कापले गेले आणि पान अडकलं तर परत परत दाबू नका. बँकेच्या ॲपमधे किंवा बँकेला विचारून व्यवहाराचं काय झालं ते आधी बघा.

कुठलीही साइट उघडली की भलतीकडेच नेतंय, होमपेज आपोआप बदलतंय, तुम्ही न टाकलेली ॲप दिसताहेत, तर हा ब्राउझरचा प्रश्न राहिलेला नाही. त्या फोनवरून बँकेचं काहीही करू नका आणि जाणकार माणसाला दाखवा.

बटण दाबलं जात नाही आणि ते नेहमी पडद्याच्या त्याच पट्टीत असतं, तर फोन आडवा करून तेच बटण दाबा. आता दाबलं गेलं तर पडद्याची ती पट्टी मेली आहे. सर्व्हिस सेंटर. यावर सेटिंग्जमधे काहीही उपाय नाही, मी एकदा अख्खा रविवार शोधलाय.

ऑफिसने दिलेला फोन असेल तर प्रायव्हेट डीएनएस, व्हीपीएन यांना हातच लावू नका, आयटीवाल्यांना सांगा. ते मुद्दाम लावलेलं असू शकतं.

आणि दोन वेगळे फोन, दोन वेगळी नेट, तरी तेच होतंय? मग दोष साइटचा. तुमच्याकडून करण्यासारखं काही उरलं नाही, लॅपटॉपवर काम उरका आणि तक्रार टाका. साइट तुमचीच असेल तर ज्याने बनवली त्याला खिडकी अरुंद करून दाखवा.

तक्रार कशी लिहायची तेही सांगते, कारण "तुमची साइट चालत नाही" याला उत्तर येत नाही. मी असं लिहिते: फोनचं मॉडेल, अँड्रॉइड किंवा आयओएसची आवृत्ती, ब्राउझर आणि त्याची आवृत्ती, पानाचा पूर्ण पत्ता, तारीख आणि वेळ, काय दाबलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, सोबत स्क्रीनशॉट (त्यात ओटीपी किंवा खात्याचा नंबर दिसत नाहीये ना ते बघून). खाली एक ओळ, "इनकॉग्निटोमधे, दुसऱ्या फोनवर आणि दुसऱ्या नेटवर करून बघितलं आहे, कॅशे पुसून झालं आहे." ही शेवटची ओळ विसरू नका, नाहीतर पहिलं उत्तर कॅशे पुसून बघा असंच येतं.